नामदेवांनी लिहून ठेवलं



आज कार्तिक वद्य त्रयोदशी, माउलींच्या संजीवन समाधीचा दिवस. पुण्यात असलो की मी या दिवशी पहाटे गाडी काढतो, आळंदीला जातो, इंद्रायणीच्या घाटावर थोडा वेळ उभा राहतो आणि दहाच्या मीटिंगला परत लॅपटॉपसमोर. दुपारचा मुख्य सोहळा मी एकदाही पाहिलेला नाही. यंदा तर आळंदीही नाही. मी खाप्यात आहे, आमच्या घरी. नागपूर जिल्हा, सावनेर तालुका, कन्हान नदीच्या काठचं गाव. एकेकाळी आमच्या आळीत घरोघरी हातमाग होते. आजोबांचा माग मी लहानपणी पाहिलाय, धोट्याचा खटक-खटक आवाज अजून आठवतो. बाबा मात्र शिक्षक झाले आणि मी इंजिनिअर.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा गेले. म्हणून गेले सहा आठवडे इथलं रोजचं चिंतन बंद होतं. तुमच्यापैकी काहींनी काळजीने विचारलं, मी उत्तर दिलं नाही. माफ करा.

मी तिथे नव्हतो. रात्री अकराला फोनवर बाबा म्हणाले की छातीत जरा जळजळतंय, पित्त असेल, तुझं रिलीज आहे ना, तू ते बघ. मी ते बघितलं. पहाटे ताईचा फोन आला तेव्हा आमचं डिप्लॉयमेंट नुकतंच संपलं होतं. पहिल्या विमानाने नागपूर, तिथून टॅक्सीने खापा, आणि अंगणात चपलांचा ढीग.

नंतर जो कोणी भेटायला आला तो एकच सांगत होता. आत्मा मरत नाही, शरीर म्हणजे जुनं वस्त्र, रडू नये. मला राग येत होता, पण रागवायचा हक्क नव्हता. तीन वर्षांपूर्वी एका मित्राचे वडील गेले तेव्हा मी त्याला गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले श्लोक अर्थासह व्हॉट्सॲपवर पाठवले होते. त्याने नमस्काराचा इमोजी पाठवला. मला वाटलं, चला, मित्राला आधार दिला.

तेरवी धनत्रयोदशीला आली. त्या रात्री सगळे पाहुणे गेल्यावर मी बाबांचं कपाट उघडलं आणि नामदेवांची गाथा बाहेर काढली. महाराष्ट्र शासनाने १९७० साली, नामदेवांच्या सातशेव्या जयंतीच्या वेळी छापलेली ती जाड गाथा. उघडली तर समाधीचं प्रकरण. मी ते यापूर्वी वाचलं नव्हतं. खरं सांगायचं तर नामदेव मला कॅलेंडरवरच्या चित्राइतकेच माहीत होते. हातात वीणा, समोर विठ्ठल, आणि तो नैवेद्य खाणारा देव.

गेल्या महिनाभरात मी नामदेवांचं आयुष्य जमेल तसं वाचलं. आज तेच सांगतो.

नामदेवांचा जन्म इसवी सन १२७० चा, शके ११९२, कार्तिक शुद्ध एकादशी. वडील दामाशेटी, आई गोणाई, व्यवसाय शिंप्याचा. काहीजण जन्म पंढरपूरचा मानतात, काहीजण आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचा. लग्न राजाईशी झालं. नारा, विठा, गोंदा, महादा असे चार मुलगे. घरात जनाबाई होत्या, ज्यांना आपण दासी म्हणून ओळखतो, पण ओवी-अभंगांच्या बाबतीत त्या घरातल्या कुणाहून कमी नव्हत्या. घर गरीब. मुलगा दुकानात बसायचं सोडून देवळात जाऊन बसतो, ही गोणाईची तक्रार, आणि संसार कसा चालवायचा, ही राजाईची. या तक्रारी आपल्याला माहीत आहेत, कारण त्या गाथेत आहेत. घरातली भांडणं लपवायची पद्धत नामदेवांच्या घरी दिसत नाही.

लहानपणीची नैवेद्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. वडील बाहेरगावी गेलेले, छोटा नामा देवापुढे ताट ठेवून बसला, देव जेवेना, तेव्हा त्याने डोकं आपटून घ्यायची तयारी केली आणि देव जेवला. आपण या गोष्टीतून भोळा भाव वगैरे शिकतो. मला आता त्यात मुलाचा स्वभाव दिसतो. हा मुलगा देवाशी भांडतो, रडतो, हट्ट करतो आणि उत्तर मिळाल्याशिवाय जागचा हलत नाही. पुढे आयुष्यभर नामदेव असेच राहिले.

मग गोरोबाकाकांकडची ती प्रसिद्ध बैठक. सगळे संत जमलेले. मुक्ताबाईंनी विचारलं की काका, यातली मडकी पक्की किती आणि कच्ची किती, ते बघा की. गोरोबांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकत निघाले. बाकीचे गप्प बसले. नामदेव चिडले, आणि कच्चे ठरले. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव आणि मुक्ताबाई, ही चारही भावंडं वयाने नामदेवांपेक्षा लहान. मुक्ताबाई तर जवळजवळ दहा वर्षांनी लहान. त्या मुलीसमोर झालेला हा अपमान. नामदेव रडत पंढरपूरला गेले, विठ्ठलाकडे तक्रार केली, आणि विठ्ठलानेच गुरू करायला पाठवलं. औंढ्या नागनाथाला विसोबा खेचर भेटले, तेही शिवलिंगावर पाय टाकून झोपलेले. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले तर तिथेही पिंड. देव सगळीकडे आहे हा धडा नामदेवांना असा मिळाला.

हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्याच माणसाला हा धडा पुरला नाही. किंवा पुरला, पण वेगळ्या तऱ्हेने.

ज्ञानदेवांशी मैत्री झाली. ज्ञानदेवांनी तीर्थयात्रेला चला म्हटलं. नामदेव तयार होईनात, विठ्ठलाला सोडून जायचं कसं? शेवटी विठ्ठलानेच त्यांचा हात ज्ञानदेवांच्या हातात दिला आणि माझ्या नाम्याला सांभाळा म्हणून सांगितलं. दोघं उत्तरेकडे फिरले. वाटेत वाळवंटात तहान लागली, विहीर खोल. ज्ञानदेव योगबळाने खाली उतरून पाणी पिऊन आले. नामदेव काठावर बसून देवाला हाका मारत राहिले, तर विहीरच भरून वर आली. एक योगी, एक रडका भक्त, आणि दोघांची तहान भागली. या प्रवासाचं वर्णन तीर्थावळी या प्रकरणात आहे. ते वाचताना जाणवतं की हे दोघं आधी मित्र आहेत, संत नंतर.

आता १२९६. शके १२१८. कार्तिकी एकादशीला पंढरपुरात सगळे जमले आणि ज्ञानदेवांनी समाधीची इच्छा सांगितली. वय एकवीस. नामदेव सव्वीस. सव्वीस वय म्हणजे आपल्या हिशेबाने नोकरीची तिसरी-चौथी वर्षं. सगळे आळंदीला आले, पांडुरंग आणि रुक्मिणीसुद्धा आले असं नामदेव लिहितात. सिद्धेश्वराच्या देवळातला नंदी बाजूला सारला आणि खाली विवराची वाट होती.

इथून पुढचं लिखाण वाचताना मी अंगणात येऊन बसलो, आत बसवेना.

एवढं मोठं माणूस जाताना आपण काय लिहिलं असतं? मी तरी तत्त्वज्ञान लिहिलं असतं. ब्रह्मात लीन झाले, घटाकाश महाकाशात मिळालं, असलं काहीतरी. नामदेव काय लिहितात? जागा कुणी झाडली. आसनावर काय अंथरलं. कोण कुठे उभं होतं. दोन्ही हात कुणी धरले. त्यांच्या लहानग्या मुलांनी, नारा-विठा-गोंदा-महादाने, समाधीची जागा साफ केली. दूर्वा, दर्भ, तुळस, बेल अंथरला. ज्ञानदेवांच्या पुढ्यात ज्ञानेश्वरी ठेवली. निवृत्तिनाथांनी हात धरून धाकट्या भावाला आत नेलं, बसवलं, बाहेर आले आणि शिळा लावली.

मी हिशेब करणारा माणूस आहे, म्हणून एक गोष्ट खटकली. बाप सव्वीस वर्षांचा, तर चार मुलगे केवढे असतील? धाकटा तर रांगता असेल. अभ्यासक सांगतात की नामदेवांच्या नावावरच्या गाथेत सगळंच त्यांचं नाही, नंतरच्या विष्णुदास नाम्याचे आणि इतरांचेही अभंग त्यात मिसळलेत, आणि समाधीच्या प्रकरणावरही वाद आहे. असू दे. वारकऱ्यांनी सातशे वर्षं हे अभंग नामदेवांचे म्हणूनच गायलेत, आणि मीही तसेच वाचले. आणि खरं सांगू? घरात कुणी गेलं की झाडू लहान पोरांच्याच हातात देतात. त्यांना काहीतरी काम हवं असतं. आमच्या अंगणात त्या दिवशी माझी आठ वर्षांची भाची झाडत होती.

पुढे रडणं आहे. सगळे रडतात. आणि सर्वांत जास्त कोण रडतं, तर निवृत्तिनाथ. ज्ञानदेवांचे मोठे भाऊ, आणि त्यांचे गुरूही. नाथपंथाची दीक्षा घेतलेला, स्वतः ज्ञान दिलेला माणूस. ज्याने ज्ञानदेवांना शिकवलं की मरण असं काही नाही, तोच शिळा लावून बाहेर आल्यावर कोसळला. बाकीच्यांनी त्याला सावरलं. नामदेवांनी हे झाकलं नाही. गुरूंची प्रतिमा सांभाळण्यासाठी दोन ओळी गाळाव्यात असं त्यांना वाटलं नाही. पांडुरंगालाही गहिवर आला, तेही लिहिलं.

त्या रात्री मला माझ्या मित्राला पाठवलेले श्लोक आठवले. श्लोक खोटे नव्हते. निवृत्तिनाथांनाही ते ठाऊक होतेच की. मी त्याच्या वडिलांबद्दल एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता, चूक ती होती. कसे गेले, शेवटी काय खाल्लं, कोण जवळ होतं, काहीच नाही.

ज्ञानदेवांची समाधी संपली तरी नामदेवांचं लिहिणं संपत नाही, कारण जाणं संपत नाही. बरोबर एका महिन्याने, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, सासवडला कऱ्हेच्या काठी सोपानदेवांनी समाधी घेतली. वैशाखात तापीच्या काठी, मेहुणजवळ, वीज कडाडली आणि मुक्ताबाई दिसेनाशा झाल्या. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ. सात-आठ महिन्यांत चारही भावंडं. नामदेव त्यांच्यासोबत या गावाहून त्या गावाला जात राहिले, आणि प्रत्येक वेळी लिहीत राहिले. ज्या मुलीने त्यांना सगळ्यांसमोर कच्चं मडकं ठरवलं होतं तिचं जाणंही त्यांनीच लिहिलं. मुक्ताबाईंची तर समाधीही बांधता आली नाही, त्या विजेत गेल्या. तिथे लिहायला जागा झाडणं नाही, आसन नाही. तिथे शोधणारे लोक आहेत आणि मागे राहिलेले निवृत्तिनाथ.

आदि, तीर्थावळी आणि समाधी, ही तीन प्रकरणं मिळून मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या चरित्रांपैकी एक होतं. ज्ञानदेवांनी स्वतःविषयी फारसं लिहिलेलं नाही. त्यांचं कूळ, पैठणचा अपमान, भिंत, रेडा, आणि शेवटचा तो दिवस, यातलं कितीतरी आपल्याकडे पोहोचलं ते मागे राहिलेल्या एका मित्रामुळे. आजही आळंदीत समाधीच्या दुपारी जे कीर्तन होतं, ते नामदेवांच्या वंशातल्या नामदास घराण्याकडे असतं. म्हणजे त्या दिवसाचा वृत्तांत सांगायचं काम अजून त्याच घरात आहे. मी दहाच्या मीटिंगसाठी दरवर्षी हेच चुकवत आलो.

पुढचं आयुष्य नामदेवांनी प्रवासात काढलं. ज्ञानदेवांबरोबर ज्या उत्तरेकडे गेले होते तिकडेच पुन्हा, आता एकटे, आणि आणखी लांब. पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला ते बरीच वर्षं राहिले. तिथे ते बाबा नामदेव आहेत. तिथल्या लोकांच्या भाषेत त्यांनी पदं केली, आणि त्यातली ६१ गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत. २०१५ साली घुमानला मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा बाबा टीव्हीसमोरून हलले नव्हते, हे मला आत्ता लिहिता लिहिता आठवलं.

पंजाबातल्या त्या पदांत आळंदीचा प्रसंग नाही. तो त्यांनी मराठीतच ठेवला. मला यात काही कोडं वाटत नाही. आपणही ऑफिसात सगळं बोलतो, फक्त घरचं बोलत नाही.

म्हातारपणी पुन्हा एक आघात झाला. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि मजुरांबरोबर चोखोबा गाडले गेले. नामदेव तेव्हा अडुसष्ट वर्षांचे. ते स्वतः मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यात हाडं कुणाची कशी ओळखायची? एकेक हाड कानाशी लावत गेले, ज्यातून विठ्ठल-विठ्ठल ऐकू आलं ती हाडं चोखोबांची म्हणून पदरात घेतली आणि पंढरपूरला आणली. ज्या माणसाला आयुष्यभर देवळाच्या आत जाऊ दिलं नाही, त्याची समाधी महाद्वारासमोर बांधली.

ही आख्यायिका मी लहानपणापासून चमत्कार म्हणून ऐकली होती. आम्ही बाबांच्या अस्थी घेऊन रामटेकला अंबाळ्यावर गेलो, तेव्हा मडक्यावर बांधलेलं फडकं मी सोडलं आणि आत पाहिलं. तेव्हापासून ती गोष्ट मला चमत्कार वाटत नाही. अडुसष्ट वर्षांचा माणूस ढिगाऱ्यात बसून मित्राला शोधतोय, एवढंच दिसतं.

१३५० साली, आषाढ वद्य त्रयोदशीला, पंढरपुरात महाद्वाराच्या पायरीशी नामदेवांनी देह ठेवला. पंजाबातले भक्त ते घुमानलाच झालं असं मानतात. वारकरी सांगतात की घरची बहुतेक माणसं आणि जनाबाईही त्यांच्यासोबत गेल्या. म्हणजे नामदेवांच्या मागे नामदेवांसारखं लिहायला घरात कुणी उरलं नाही. नामदेव पायरीवर पाय न ठेवता आपण ओलांडून आत जातो. समोरच चोखोबांची समाधी आहे. पुढच्या वेळी पंढरपूरला गेलात तर दोन्हींच्या मधे एक मिनिट उभे राहा.

त्यांचं लिहिणं मात्र तिथे थांबलं नाही. जवळजवळ तीनशे वर्षांनी देहूचा एक वाणी दुष्काळात सगळं गमावून बसला होता. बायको अन्नान्न करून गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं. त्या तुकोबांच्या स्वप्नात विठ्ठलाला घेऊन कोण आलं? नामदेव. शतकोटी अभंगांचा माझा संकल्प राहिलाय तो तू पुरा कर, म्हणून सांगून गेले. स्वप्नात ज्ञानेश्वर का आले नाहीत, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आता वाटतं, ज्याचं घर रिकामं झालंय त्याला लिहायला सांगायचं तर नामदेवांनीच सांगायला हवं. आणि तुकोबा गेल्यावर त्यांच्या धाकट्या भावाने, कान्होबाने, जे अभंग लिहिले ते तर सरळ देवाशी भांडण आहे. माझा भाऊ परत दे, हा त्यांचा सूर. तेही गाथेत आहेत, कुणी काढून टाकले नाहीत.

हे सगळं वाचून मी वही घेतली. बाबा गेले ती रात्र लिहायची ठरवली, नामदेवांसारखी. कोण कुठे होतं, काय काय झालं. आणि पहिल्या ओळीला अडलो. नामदेव तिथे उभे होते. मी पुण्यात होतो. माझ्याकडे अकरा वाजताचा एक फोन आणि पहाटेचा एक फोन, मधे काहीच नाही. मधल्या पाच तासांत मी काय करत होतो त्याचा लॉग माझ्याकडे मिनिटामिनिटाचा आहे. बाबांचा नाही.

तेव्हा म्हाइंभट आठवले. आमच्या विदर्भातली गोष्ट आहे. नामदेव लहान होते त्या सुमारास चक्रधर स्वामी निघून गेले होते आणि नागदेवाचार्य अमरावतीकडच्या रिद्धपूरला होते. ते एकटेच बसून काहीतरी आठवत असत. म्हाइंभटांनी विचारलं, तर कळलं की स्वामींचा एकेक प्रसंग ते मनात घोळवतात. मग म्हाइंभट ज्यांनी ज्यांनी चक्रधरांना पाहिलं होतं त्यांच्याकडे गेले, विचारलं, पडताळून पाहिलं आणि लिहिलं. ते लीळाचरित्र. म्हणजे जो तिथे नव्हता त्यालाही लिहिता येतं. फक्त विचारावं लागतं.

विचारणं सोपं नव्हतं. आई त्या रात्रीबद्दल कुणाशीच बोलली नव्हती. लोक यायचे, ती पाणी द्यायची आणि आत जायची. मला भीती होती की मी विचारलं तर ती कोसळेल. आणि दुसरी भीती, जी मी इथे पहिल्यांदा लिहितोय, ती अशी की ती म्हणेल, त्यांनी तुझं नाव घेतलं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी ती तांदूळ निवडत बसली होती. मी समोर वही घेऊन बसलो. काय लिहून राह्यला, असं तिने विचारलं. मी सांगितलं की त्या रात्रीचं, पण मला काही माहीतच नाही. ती बराच वेळ निवडत राहिली. मग बोलायला लागली. बाबांनी रात्री अर्धी भाकर आणि मेथीची भाजी खाल्ली. कोजागिरीचं दूध नको म्हणाले, मग एक घोट घेतला. साडेबाराला उठून बसले. शेजारच्यांनी गाडी काढली. सावनेरच्या वाटेवर बाबांनी काच खाली करायला लावली आणि चांदणं किती पडलंय बघ, असं ताईला म्हणाले. पुढे नागपूरला न्यायचं ठरलं. तिथे पोहोचेपर्यंत हात आईच्या हातात होता.

माझं नाव घेतलं का, हे मी विचारलं. घेतलं, असं ती म्हणाली. ताई मला फोन लावत होती, तर बाबांनी तिला थांबवलं, त्याचं काम होऊ दे म्हणून.

मी हेही लिहिलं. गाळावंसं वाटत होतं. निवृत्तिनाथांचं रडणं नामदेवांनी गाळलं नाही, म्हणून मीही गाळलं नाही. या ओळीने मला बरं वाटत नाही. रोज वाचतो, रोज तसंच वाटतं. पण आता ती वहीत आहे, आणि पूर्वी रात्री दोन वाजता डोक्यात जे फिरायचं, ते फोन आला असता तर, निघालो असतो तर, त्याची जागा या एका खऱ्या वाक्याने घेतली आहे. खरं वाक्य जड असतं, पण ते एकच असतं.

त्या मित्रालाही फोन केला. तीन वर्षांनी विचारलं की त्या दिवशी नेमकं काय झालं होतं. तो चाळीस मिनिटं बोलला.

वही अजून पूर्ण झालेली नाही. ताईचं आणि गाडी चालवणाऱ्या काकांचं सांगणं जुळत नाही, वाटेत एकदा थांबलो होतो की दोनदा, यावर दोघं अडून बसलेत. काल संध्याकाळी मी आईला आतापर्यंतचं सगळं वाचून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मधेच तिने हात वर केला. मेथीची भाजी नव्हती, आंबाडीची होती. मेथी आदल्या दिवशी. मी खोडून आंबाडी लिहिलं, तिने वही हातात घेऊन ते नीट लिहिलंय का बघितलं, आणि म्हणाली की आता पुढे वाच.

राम कृष्ण हरी.